इलेक्टोरल कॉलेज : रद्द करण्याचा वाद

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष थेट जनतेच्या मतांनी ठरत नाही. राज्याराज्यांतून निवडलेले ५३८ निर्वाचक, म्हणजेच इलेक्टोरल कॉलेज, त्याला निवडतात. जिंकायला २७० मते लागतात. ही पद्धत मोडून थेट निवडणूक घ्यावी, यासाठी अमेरिकी काँग्रेसमध्ये आजवर सातशेहून अधिक प्रस्ताव आले.

१७८७ च्या घटना परिषदेत जेम्स विल्सन यांनी थेट निवडणूक सुचवली होती. दक्षिणेतल्या गुलामांना मत नव्हते, त्यामुळे तिथल्या राज्यांना ती परवडणारी नव्हती. राज्याचे निर्वाचक लोकसंख्येवरून ठरवण्याच्या हिशेबात मात्र गुलामांची तीन-पंचमांश संख्या धरली गेली. लहान राज्यांच्या रक्षणासाठी ही योजना झाली, असे जे सर्रास सांगितले जाते, ते म्हणूनच अपुरे आहे.

जास्त मते मिळवूनही २००० मध्ये अल गोर आणि २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन हरल्या. गोर यांचे फ्लोरिडा अवघ्या ५३७ मतांनी गेले आणि राज्याचे सर्व २५ निर्वाचक बुश यांना मिळाले. मेन आणि नेब्रास्का वगळता सगळीकडे हाच ‘जिंकेल त्याला सगळे’ नियम आहे. तो राज्यघटनेत नाही. राज्यांनी आपापल्या कायद्यांनी केला आहे.

पद्धत रद्द होण्याची सर्वांत जवळची वेळ १९६९ ची. आदल्या वर्षी तिसऱ्या पक्षाचे उमेदवार जॉर्ज वॉलेस यांनी ४६ निर्वाचक मिळवल्याने त्रिशंकू निकालाची धास्ती बसली होती. प्रतिनिधिगृहाने ३३८ विरुद्ध ७० मतांनी थेट निवडणुकीची दुरुस्ती मंजूर केली, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनीही पाठिंबा दिला. पण सिनेटमध्ये दक्षिणेतले आणि काही लहान राज्यांतले सदस्य लांबण लावून बसले. सप्टेंबर १९७० मध्ये चर्चा थांबवण्याच्या ठरावाला ५४ मते पडली, सहा कमी पडली आणि विधेयक बारगळले. १९७९ मध्ये पुन्हा प्रयत्न झाला, तेव्हा काही कृष्णवर्णीय नेत्यांनीच विरोध केला: चुरशीच्या मोठ्या राज्यांत आपली गठ्ठा मते निर्णायक ठरतात, ती ताकद का सोडायची?

घटनादुरुस्तीला ३८ राज्यांची संमती लागते, त्यामुळे आता पळवाट शोधली गेली आहे. देशभर ज्याला जास्त मते, त्यालाच आपले निर्वाचक द्यायचे, असा करार राज्ये करत आहेत. २००७ मध्ये मेरीलँडने सुरुवात केली. २०२४ अखेर करारात २०९ निर्वाचक होते. सह्या करणारी बहुतेक राज्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रभावाखालची आहेत. २७० चा टप्पा गाठून करार लागू झाला, तरी काँग्रेसच्या संमतीवाचून असा करार चालेल का, हा प्रश्न न्यायालयात जाणारच.