चाक किती किलोचं आहे? अलॉय किंवा टायर बदलण्याआधी वाचा

ठाण्यातल्या आमच्या टायरच्या दुकानात बॅलन्सिंग मशीनच्या शेजारी एक वजनकाटा ठेवलेला आहे. भंगारवाल्याकडे असतो तसाच, साधा इलेक्ट्रॉनिक. नवीन गिऱ्हाईक हमखास विचारतं, "टायर काय किलोवर विकता का?" विकत नाही. पण चाकांचा सेट घेताना डिझाइन पाहिलं जातं, चकाकी पाहिली जाते, भाव तर पाहिला जातोच, आणि वजन मात्र कुणी विचारत नाही. म्हणून काटा समोरच ठेवलाय.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. कासारवडवलीहून एक गृहस्थ आले. हॅचबॅक गाडी, कंपनीचा टायर १८५/६५ आर १५ (रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंची), लोखंडी रिमवर. त्यांनी दुसरीकडून १७ इंची अलॉय, म्हणजे ॲल्युमिनियमचे रिम, बसवून घेतले होते, वर २०५/५० आर १७ टायर. गाडी दिसायला झकास. तक्रारी तीन होत्या: सिग्नलवरून गाडी पूर्वीसारखी उचलत नाही, मायलेज पडलं, आणि पुढच्या डाव्या टायरला फुगा आलाय. जुनी चाकं त्यांनी सोसायटीच्या पार्किंगमध्ये जपून ठेवली होती. ती आणायला लावली आणि दोन्ही काट्यावर ठेवली. जुनं चाक टायरसकट १६ किलोच्या आसपास, नवं साडेवीस. म्हणजे एका चाकामागे साडेचार आणि चार चाकांमागे १८ किलो जास्त.

"फक्त अठराच?" ते म्हणाले. प्रश्न रास्त आहे. डिकीत अठरा किलोची बॅग टाकली तर गाडीला पत्ताही लागत नाही. मग इथे का लागतो?

डिकीतला किलो आणि चाकातला किलो

डिकीत ठेवलेले १ किलो तांदूळ इंजिनाला नुसते पुढे न्यायचे असतात. तेच वजन चाकात असलं की ते पुढेही न्यायचं आणि गरगर फिरवायचंही. पायाच्या शिलाई मशीनचं खालचं मोठं लोखंडी चाक आठवा. सुरुवातीला पाय मारताना जड जातं, आणि एकदा फिरायला लागलं की थांबवायला हात लावावा लागतो. गाडीच्या चाकाचं तेच: वेग घेताना इंजिनाला जास्त काम, थांबताना ब्रेकला.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो. "चाकातला १ किलो म्हणजे बॉडीतले १० किलो" असं तुम्ही ऐकलं असेल. महागडे हलके रिम खपवायला वाक्य छान आहे, पण खरं नाही. वजन अगदी बाहेरच्या कडेला असलं, तरी वेग घेताना ते जास्तीत जास्त दुप्पट भरतं. मध्यभागी, हबजवळ असलं तर जेमतेम एकपट. त्यामुळे त्या गृहस्थांचे १८ किलो इंजिनाला फार तर तीस-पस्तीस किलोंसारखे वाटत होते. ड्रायव्हर धरून हजार किलोच्या गाडीत हे झाले साधारण ३ टक्के.

बाहेरची कडा म्हणजे टायर. त्याची नक्षी, तिच्याखालचे पोलादी तारांचे पट्टे, सगळं वजन तिथे. म्हणून हलक्या रिमवर पैसे घालायचे आणि वर जाड, जड टायर चढवायचा, हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे. रिमवर वाचवलेला किलो टायरवर परत येतो, आणि तोही जास्त महागात पडणाऱ्या जागी.

पण वजनाने ३ टक्केच गेले, तर गाडी एवढी मरगळलेली का वाटत होती? उरलेलं उत्तर टायरच्या मापात होतं. १८५/६५ आर १५ ची पूर्ण उंची भरते ६२१ मिलिमीटर, २०५/५० आर १७ ची ६३७. म्हणजे चाक अडीच टक्के मोठं झालं. याचा अर्थ प्रत्येक गिअर अडीच टक्के 'लांब' झाला आणि ओढ तेवढी कमी झाली. दोन्ही मिळून साडेपाच टक्के. शून्यावरून ६० चा वेग ६ सेकंदांत घेणारी गाडी ६.३ सेकंदांत घेईल. घड्याळात हा फरक किरकोळ आहे, पण घोडबंदर रोडवर माजिवड्यापासून गायमुखपर्यंत पन्नास वेळा थांबून पन्नास वेळा निघायचं असेल तर उजव्या पायाला तो बरोबर कळतो.

मायलेजची त्यांची तक्रार मात्र पूर्ण खरी नव्हती. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते, पण मीटरला ते ठाऊक नसतं. तो जुन्याच मापाने मोजतो, म्हणजे १०२ किलोमीटरहून जास्त धावल्यावर १०० दाखवतो. लिटरमागे किलोमीटर कमी भरतात त्यातला थोडा भाग हा नुसता मोजणीचा. बाकीचं खरं: रुंद टायर रस्त्याला जास्त घासतो, हवेला जास्त अडतो, आणि प्रत्येक सिग्नलवर जड चाक नव्याने फिरवावं लागतं. एक्स्प्रेसवेवर ८० च्या एकसारख्या वेगात चाकाचं वजन जवळपास हिशेबातच धरायला नको. तिथे टायरची रुंदी आणि टायरमधली हवा बोलते. हवेचं तर विचारूच नका. हजारो रुपयांचे रिम लावून गाडी महिनोन्‌महिने २६ पीएसआय हवेवर चालवणारे लोक आम्ही रोज पाहतो, कंपनीच्या स्टिकरवर ३३ लिहिलेलं असताना. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर असतो तो स्टिकर. हवा गाडी थंड असताना तपासायची.

पिकअपपेक्षा खड्डा मोठा

आमच्या मते वजनाचा खरा फटका पिकअपला बसत नाही, सस्पेन्शनला बसतो. ठाण्यात राहणाऱ्याने तरी आधी याचाच विचार करावा.

गाडीचं वजन दोन भागांत असतं: स्प्रिंगच्या वरचं आणि स्प्रिंगच्या खालचं. बॉडी, इंजिन, माणसं वर. चाक, टायर, ब्रेक, हब खाली. लहान गाडीत एका कोपऱ्यात खाली साधारण तीस-पस्तीस किलो असतात. त्यात साडेचारची भर म्हणजे तेरा ते पंधरा टक्के. सगळ्या गाडीच्या मानाने १८ किलो दोन टक्केसुद्धा नव्हते. इथे बघा किती झाले.

खड्ड्याच्या कडेवर आपटून चाक वर उडतं, तेव्हा त्याला आवरायचं काम स्प्रिंग आणि शॉकअपचं. चाक जड तितका त्याचा जोर जास्त, बॉडीला धक्का जास्त. आणि वर गेलेलं जड चाक खाली यायलाही उशीर लावतं. तेवढा वेळ टायर रस्त्याला धड टेकलेला नसतो. त्याच क्षणी तुम्ही ब्रेक दाबलेला असेल, किंवा समोर रिक्षा आली म्हणून स्टिअरिंग फिरवलेलं असेल, तर पकड हवी तेव्हाच कमी पडते. घोडबंदर रोडला खड्डे, उड्डाणपुलांचे सांधे आणि पेव्हर ब्लॉकचे पट्टे एकामागून एक येतात, त्यामुळे जड चाकाला दम खायला वेळच मिळत नाही.

वर टायरची साइडवॉल, म्हणजे बाजूची उंचीही कमी झालेली. १८५/६५ ची साइडवॉल १२० मिलिमीटर, २०५/५० ची १०२. बोटभर उशी गेली. गायमुख घाटात पाण्याने भरलेला खड्डा दिसला नाही, रिमची कड आणि खड्ड्याची कड यांच्यामध्ये टायर चेमटला, आतले धागे तुटले आणि फुगा आला. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. कुणी "चालेल हो अजून पाच हजार" म्हणालं तर त्यालाच त्या गाडीत शेजारी बसवा.

मग अलॉय घ्यायचेच नाहीत?

घ्या की. आम्ही विकतो. फक्त 'अलॉय म्हणजे हलकं' हे गृहीत धरू नका. ॲल्युमिनियम लोखंडाच्या एक तृतीयांश वजनाचं असलं तरी ताकदीसाठी ते जाड ओतावं लागतं, आणि स्वस्त ओतीव रिममध्ये तर ते सढळ हाताने ओतलेलं असतं. एकाच मापाचा साधा अलॉय कधीकधी लोखंडी रिमच्या बरोबरीचा भरतो. फ्लो-फॉर्म्ड (ओतल्यावर फिरवत दाबून पातळ केलेले) रिम हलके असतात, फोर्ज्ड (न ओतता प्रचंड दाबाने घडवलेले) त्याहून हलके, आणि किंमत ऐकून बरेच जण लोखंडी रिम आणि वर व्हील कॅप यावर खूश होतात. त्यात काही गैर नाही. लोखंडी रिम खड्ड्यात वाकतो, तो ठोकून सरळ करता येतो. अलॉयला तडा जातो. तडा गेलेला अलॉय आम्ही वेल्डिंग करून देत नाही, कृपया आग्रह करू नये.

आमचा सल्ला विचाराल तर कंपनीचंच माप ठेवा, किंवा तुमच्याच मॉडेलच्या महाग व्हेरियंटला जे माप येतं तिथपर्यंत जा. वरच्या गाडीला १९५/५५ आर १६ लावला तर उंची ६२१ च भरते, मीटर बरोबर राहतो, गिअर लांब होत नाहीत. रिम नीट निवडला तर वजनही फारसं वाढत नाही. रोज कासारवडवली ते माजिवडा करणाऱ्याने १७ इंचीचा मोह टाळलेला बरा. कधी रविवारी पाम बीच रोडवर मिरवायचं असेल तर तुमची हौस, आम्ही कोण अडवणार.

हलकं हवं म्हणून टायरची भारक्षमता मात्र कमी करू नका. मापापुढे ८८ असा आकडा असतो, त्याचा अर्थ तो टायर ५६० किलो पेलतो. ८४ म्हणजे ५००. कंपनीने दिलेल्या आकड्याच्या खाली जायचं नाही. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी तर मुळीच नाही, कारण बॅटरीमुळे गाडी आधीच जड असते. टायरवरची चार आकड्यांची तारीखही बघून घ्या: २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा.

तुमची चाकं तोलायची असतील तर घेऊन या, पैसे पडत नाहीत. आमच्याकडून नवा सेट घेतलात तर जुना आणि नवा दोन्ही तुमच्यासमोर काट्यावर ठेवू आणि आकडे बिलावर लिहून देऊ. नवीन चाकं बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटर चालवून परत या, नट पुन्हा आवळून घ्यावे लागतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात येऊ नका, सगळं ठाणे त्याच आठवड्यात टायर बदलायला येतं. मेमध्ये या. रविवारी दुपारी दुकान बंद असतं.