भौगोलिक अडथळे आणि मानवी जनुकीय भेद

समुद्र, वाळवंट किंवा उंच पर्वतरांग मध्ये आली की शेजारच्या लोकसमूहांतील विवाहसंबंध विरळ होतात. मग प्रत्येक समूहातील जनुक-प्रकारांचे प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या, बरेचसे योगायोगाने, आपापल्या दिशेने बदलत जाते. यालाच जनुकीय विचलन म्हणतात. समूह लहान असेल तर त्याचा वेग अधिक. मात्र नुसत्या अंतरानेही भेद वाढतो, हे जनुकशास्त्रज्ञ सूअल राइट यांनी १९४३ मध्ये मांडले. तेव्हा अंतराचा वाटा वजा केल्यावर अडथळ्याचा म्हणून किती उरतो, हे पाहावे लागते.

यावर बराच वाद झाला आहे. नोआ रोझेनबर्ग व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ५२ लोकसमूहांतील १,०५६ व्यक्तींच्या डीएनएतील ३७७ स्थाने तपासली, तेव्हा गट साधारणपणे खंडांनुसार पडले. डेव्हिड सेर व स्वांते पेबो यांनी २००४ मध्ये आक्षेप घेतला, की नमुने तुटक ठिकाणांहून घेतल्यामुळे गट दिसतात. प्रत्यक्षात बदल सलग व हळूहळू होतो. २००५ मध्ये रोझेनबर्ग यांनी ९९३ स्थाने घेऊन उत्तर दिले. अंतरानुसार होणारा सलग बदल त्यांनाही आढळला, पण महासागर, हिमालय किंवा सहारा ओलांडताना भेदात लहानशी उडी दिसली. अंतर व भेद यांचा संबंध मांडणाऱ्या त्यांच्या समीकरणावरून अशा एका अडथळ्याचा परिणाम सुमारे ३,००० किमी. अंतराइतका भरतो. रोझेनबर्ग यांचे हे मत अधिक ग्राह्य वाटते. तरी या उडीला वंशांमधली भिंत समजू नये : २००२ च्याच अभ्यासात एकूण वैविध्यापैकी ९३ ते ९५ टक्के एकेका समूहाच्या आतच आढळले होते.

सहारा नेहमीच कोरडा नव्हता. साधारणपणे १४,५०० ते ५,००० वर्षांपूर्वी तेथे गवताळ प्रदेश व सरोवरे होती, आणि त्या काळी उत्तर-दक्षिण मिसळ मोकळेपणी झाली असावी असे मानले जाई. लिबियातील ताकारकोरी या शैलाश्रयात सुमारे ७,००० वर्षांपूर्वीच्या दोन पशुपालक स्त्रियांची देहावशेषे नैसर्गिकरीत्या सुकून टिकली आहेत. त्यांच्या डीएनएचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचा बहुतांश वारसा उत्तर आफ्रिकेतील, दीर्घकाळ अलग राहिलेल्या एका शाखेचा निघाला. सहाराच्या दक्षिणेकडील वारसा आढळला नाही. पशुपालन तेथे मोठ्या स्थलांतराऐवजी अनुकरणाने पोहोचले असावे. अर्थात पुरावा दोनच व्यक्तींचा आहे; उष्ण प्रदेशांत प्राचीन डीएनए क्वचितच टिकतो.

समुद्राचे वर्तन एकसारखे नाही. जिब्राल्टरची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी जेमतेम १४ किमी. असून पलीकडचा किनारा डोळ्यांना दिसतो. तरीही वडिलांकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राचा ई-एम८१ हा प्रकार वायव्य आफ्रिकेत विपुल, तर पलीकडच्या आयबेरियात (स्पेन-पोर्तुगालमध्ये) तुरळक आहे. उलट मादागास्कर आफ्रिकेपासून सुमारे ४०० किमी.वर असूनही मालागासी भाषेची सर्वांत जवळची नाती बोर्निओत सापडतात, आणि बेटावरील लोकांत आफ्रिकी व आग्नेय आशियाई असे दोन्ही वारसे आहेत. होडीचे तंत्र हाती असलेल्यांना हिंदी महासागराची ती रुंदी पार करता आली.