अष्टपैलू पात्रवर्ग

अष्टपैलू पात्रवर्ग : ऑनलाइन भूमिकाखेळांत एकाच पात्राला एकाहून अधिक कामे करू देणारा पात्रवर्ग. पात्रवर्गाला खेळाडू सरसकट ‘क्लास’ म्हणतात, आणि खेळ सुरू करतानाच तो निवडावा लागतो. पात्र कोणती शस्त्रे वापरील, कोणते चिलखत घालील आणि गटात त्याचे काम काय असेल, हे त्या निवडीवर ठरते. गटातील कामे ढोबळमानाने तीन असतात. टँक शत्रूचा मार आपल्या अंगावर ओढून घेतो, हीलर सहकाऱ्यांच्या जखमा भरून काढतो आणि उरलेले शत्रूला मारण्याचे काम करतात. ज्या वर्गाला यांपैकी दोन किंवा तिन्ही कामे जमतात, तो अष्टपैलू. क्रिकेटमधील अष्टपैलू खेळाडूबद्दल निवड समितीला पडणारा प्रश्न इथेही तसाच पडतो : याला घ्यायचे ते फलंदाज म्हणून की गोलंदाज म्हणून?

या कल्पनेचे मूळ कागद-फाशांच्या खेळात आहे. 1974 मध्ये निघालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये योद्धा, जादूगार आणि धर्मगुरू असे तीनच वर्ग होते, आणि त्यांतला धर्मगुरू चिलखतही घाली व मंत्रही म्हणे, म्हणजे मिश्रण पहिल्या दिवसापासूनच होते. निसर्गपूजक ड्रुइड हा खेळाडूने निवडण्याजोगा वर्ग म्हणून त्या खेळाच्या 1976 च्या पुरवणीत आला. 1999 साली सुरू झालेल्या ‘एव्हरक्वेस्ट’मध्ये आरंभीच 14 वर्ग होते. नोव्हेंबर 2004 मध्ये आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने ती संख्या 9 वर आणली, पण त्या नवांतला ड्रुइड मात्र तिन्ही कामे आणि चार प्रकारची युद्धशैली एकाच पात्रात घेऊन आला. अष्टपैलूपणाचे फायदे आणि तोटे या एका वर्गात जितके स्पष्ट दिसतात, तितके क्वचितच दुसरीकडे दिसतात.

ड्रुइड हा शब्दशः बहुरूपी आहे. मूळ खेळात त्याला 10 व्या पातळीवर अस्वलाचे, 16 व्या पातळीवर पाण्यात पोहणाऱ्या प्राण्याचे, 20 व्या पातळीवर मार्जारवर्गीय शिकारी प्राण्याचे आणि 30 व्या पातळीवर वेगाने धावणाऱ्या प्राण्याचे रूप मिळे. ही रूपे केवळ सोंगे नव्हती. अस्वल मार खाऊन व देऊन साठणाऱ्या संतापावर लढे, मांजराला आपोआप भरत जाणारी ऊर्जा लागे, आणि माणसाच्या रूपातले मंत्र मंत्रशक्तीवर चालत. त्यामुळे रूप बदलले की हिशेबाची पद्धतच बदले. शिवाय रूप बदलताच पायांना जखडून ठेवणारे बरेचसे प्रभाव गळून पडत, म्हणून खेळाडूंमधील द्वंद्वात ड्रुइडला पकडून ठेवणे अवघड होते. याची किंमतही होती. प्राण्याच्या रूपात असताना मंत्र म्हणता येत नसत, इतकेच काय, औषधाची बाटलीही पिता येत नसे.

तरीही 60 व्या, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च पातळीला पोहोचलेल्या ड्रुइडपुढे 40 जणांच्या मोठ्या मोहिमांत, म्हणजे रेडमध्ये, बहुधा एकच काम येई : उपचार. रेडमधून मिळणारा स्टॉर्मरेज हा चिलखतसंच उपचार करणाऱ्यासाठीच घडवलेला होता, टँकची जागा योद्ध्याकडे होती, आणि मारा करण्यात मांजर ‘रोग’ (Rogue) या लपून वार करणाऱ्या वर्गाच्या तोडीस येत नसे. लढाई चालू असतानाच मेलेल्या सहकाऱ्याला उठवणारा मंत्र ड्रुइडकडे होता खरा, पण तो 30 मिनिटांतून एकदाच वापरता येई. लढाई संपल्यावर मृतांना उठवण्याचा साधा मंत्र धर्मगुरूला येई आणि ड्रुइडला येत नसे. तो त्याला 2008 च्या ‘रॅथ ऑफ द लिच किंग’ या विस्तारात मिळाला. ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ ही म्हण त्या काळच्या ड्रुइडला अनेकांनी लावली असती, आणि ती पूर्णपणे अन्यायाची ठरली नसती.

दोष वर्गाच्या कल्पनेत कमी आणि भोवतीच्या नियमांत अधिक होता. कौशल्यगुणांची मांडणी बदलायची तर प्रशिक्षकाकडे जाऊन सोन्याची नाणी मोजावी लागत. पहिल्यांदा 1 नाणे पुरे, पण दर वेळी दर चढत जाऊन 50 पर्यंत पोहोचे. उपचारासाठी मांडणी केलेला ड्रुइड संध्याकाळी मित्रांबरोबर अस्वल होऊन खेळायचे म्हणाला, तर त्याला जाता-येता दोन्ही वेळा पैसे भरावे लागत आणि चिलखताचा दुसरा संच पिशवीत बाळगावा लागे. अष्टपैलूपण कागदावर होते, पण वापरणे खर्चिक होते. एप्रिल 2009 च्या सुधारणेने 1000 नाण्यांच्या मोबदल्यात दोन मांडण्या जवळ ठेवण्याची सोय केली. 2012 मध्ये अस्वल आणि मांजर यांची कौशल्ये वेगळी करण्यात आली, आणि तेव्हापासून ड्रुइड हा या खेळातील चार विशेषीकरणे, म्हणजे ठरावीक कामासाठीचे कौशल्यसंच, असलेला एकमेव वर्ग आहे. 2016 च्या ‘लीजन’ विस्तारापासून लढाईबाहेर असताना यांपैकी कोणतेही विशेषीकरण निवडता येते.

रचनाकारांचा एक युक्तिवादही या इतिहासात महत्त्वाचा आहे. ज्याला फक्त मारा करता येतो, त्याने अनेक कामे येणाऱ्यापेक्षा थोडा अधिक मारा केला पाहिजे, नाहीतर त्याला कोणी निवडणारच नाही, असे ते म्हणत. या फरकाला खेळाडूंनी ‘हायब्रिड टॅक्स’ असे चिडके नाव दिले. युक्तिवाद कागदावर बिनतोड आहे, पण रेडमध्ये मारा करायला उभ्या असलेल्या ड्रुइडला त्या वेळी उपचार करता येत नसतात, मग न वापरलेल्या गुणाचा कर त्याने का भरावा, या प्रश्नाला त्यात उत्तर नाही. पुढे हा विचार मागे पडला.

वैविध्याचा आणखी एक प्रकार आहे आणि वर्ग निवडताना तोच बहुधा नजरेतून सुटतो. कामे अनेक असणे वेगळे आणि एकाच कामात क्षणाक्षणाला निर्णय घ्यावे लागणे वेगळे. ‘एव्हरक्वेस्ट’मधील बार्ड हा गाणारा वर्ग याचे जुने उदाहरण आहे. त्याचे गाणे थांबवल्यावरही परिणाम काही क्षण टिकून राही, म्हणून कुशल खेळाडू एक गाणे सुरू करून ते तोडत, दुसरे धरत, तिसऱ्यावर जात आणि पहिले विरण्याआधी पुन्हा त्यावर येत. तासन्‌तास असे खेळल्याने बोटे दुखत असली, तरी कंटाळ्याला जागाच नसे. ‘गिल्ड वॉर्स 2’ या 2012 च्या खेळातील एलिमेंटलिस्ट याच जातीचा. अग्नी, जल, वायू आणि पृथ्वी या चार तत्त्वांत तो लढता लढता बदल करतो, आणि प्रत्येक तत्त्वात हातातील शस्त्राची पाच कौशल्ये वेगळी होत असल्याने त्याच्यापुढे एकूण वीस कौशल्ये असतात. मोबदल्यात इतर बहुतेक वर्गांप्रमाणे लढाईत शस्त्र बदलण्याची मुभा त्याला नाही.

निवड करणाऱ्याने म्हणून आधी स्वतःला कशाचा कंटाळा येतो ते पाहावे. रोज तेच काम करण्याचा कंटाळा येणाऱ्याला ड्रुइड किंवा पॅलाडिनसारखा वर्ग मानवतो, कारण पॅलाडिन हा धर्मयोद्धाही तिन्ही कामे करतो. त्याच चार कळा त्याच क्रमाने दाबण्याचा कंटाळा येणाऱ्याला मात्र चार विशेषीकरणांचा उपयोग नाही, त्याला बार्ड किंवा एलिमेंटलिस्टची घाई हवी असते. पहिल्या काही पातळ्यांवरून मत बनवणे फसवे ठरते. मूळ ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये मांजरासाठी ड्रुइड घेणाऱ्याला 19 पातळ्या मांजराविना काढाव्या लागत. गटाची गरजही निवडीत डोकावते. याच खेळात डिसेंबर 2009 मध्ये अनोळखी खेळाडूंचा गट आपोआप जुळवणारी सोय आली, तेव्हापासून मारा करणाऱ्यांची रांग लांब आणि टँक व हीलरची आखूड असे चित्र दिसत आले आहे. 2011 मध्ये तर कमी पडणाऱ्या भूमिकेत नाव देणाऱ्याला वेगळे बक्षीस देण्यास सुरुवात झाली. अष्टपैलू वर्गाला ही रांग टाळता येते, पण त्याच कारणाने, मारा करायला आलेल्या ड्रुइडकडे गटातील कोणीतरी आज हीलर हो म्हणून वळतेच.

ही निवड कायमची असावी असे मात्र कोठेही लिहिलेले नाही. 2013 मध्ये नव्या रूपात आलेल्या ‘फायनल फँटसी 14’मध्ये एकच पात्र सारे व्यवसाय, म्हणजे तिथले वर्ग, शिकू शकते आणि हातातील शस्त्र बदलले की व्यवसाय बदलतो. तिथे अष्टपैलूपणा वर्गाचा गुण न राहता पात्राचा झाला आहे. प्रत्येक व्यवसायाची पातळी मात्र वेगळी मोजली जाते, म्हणून ऐंशीव्या पातळीचा योद्धा हातात छडी घेताच पहिल्या पातळीचा नवशिका होऊ शकतो.