पार्श्वभूमी : पुळणीवरची व्हीलचेअर आणि तिच्यामागचा पैसा

हालचालीवर मर्यादा असलेल्या व्यक्तींना समुद्रापर्यंत नेणाऱ्या साधनांचा खर्च कोणी उचलायचा, हा प्रश्न बहुतेक ठिकाणी स्थानिक पालिका, पर्यटन खाते आणि देणगीदार यांच्यात टोलवला जातो. त्याचे मुख्य कारण असे, की सुगम्यतेचे कायदे इमारती, रस्ते आणि वाहने डोळ्यांसमोर ठेवून घडले. वाळू त्यांच्या विचारात फार उशिरा आली, आणि आली तेव्हाही अर्धीच.

खुद्द व्हीलचेअरही टणक जमिनीसाठीच घडली. 1930च्या दशकात अमेरिकेत हर्बर्ट एव्हरेस्ट आणि हॅरी जेनिंग्ज यांनी पोलादी नळ्यांची, घडी होऊन मोटारीत मावणारी खुर्ची तयार केली, आणि पुढची अनेक दशके तोच आराखडा जगभर रूढ राहिला. तिची अरुंद चाके फरशीवर हलकी फिरतात. मऊ वाळूवर मात्र सारा भार थोड्याशा जागेवर एकवटतो आणि पुढची छोटी चाके लगेच रुततात. उपाय तत्त्वतः सोपा होता. कमी हवेची, रुंद, फुग्यासारखी चाके लावली की भार पसरतो आणि खुर्ची वाळूवर तरते. मात्र अशी खुर्ची बसणाऱ्याला स्वतःच्या हातांनी सहसा ढकलता येत नाही, मागे कोणीतरी लागतेच. आणि हे मागचे माणूस निधीच्या अर्जात क्वचितच दिसते.

कायद्याची वाटचाल अमेरिकेत सर्वांत स्पष्ट दिसते. 1968च्या कायद्याने केंद्र सरकारच्या पैशातून उभारलेल्या इमारती सुगम्य करणे बंधनकारक केले. 1973च्या पुनर्वसन कायद्यातील कलम 504ने केंद्रीय निधी घेणाऱ्या उपक्रमांत अपंगत्वावरून भेदभाव करण्यास मनाई केली, पण त्याचे नियम 1977 साली, सॅन फ्रान्सिस्कोतील सरकारी इमारतीत अपंग कार्यकर्त्यांनी काही आठवडे ठिय्या दिल्यानंतरच मंजूर झाले. 1990च्या ‘अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्ट’ने ही हमी राज्ये, पालिका आणि खासगी व्यवसायांपर्यंत नेली. त्यानंतर किनाऱ्यांवर वाहनतळ, स्वच्छतागृहे आणि उतार सुधारले. पण उतार वाळूच्या कडेशी संपत असे. मोकळ्या जागांच्या निकषांवर विचार करणाऱ्या समितीने 1997 ते 1999 या काळात काम केले, आणि प्रत्यक्ष नियम 2013 साली निघाला. त्यात किनाऱ्यावरील मार्ग किमान 60 इंच, म्हणजे सुमारे दीड मीटर रुंद असावा असे ठरले, पण तो लागू झाला केंद्र सरकारच्या अखत्यारीतील जागांनाच. शिवाय नियम मार्गाचा होता, खुर्चीचा नव्हता.

आरोग्यविम्यानेही ही पोकळी भरली नाही. अमेरिकेची मेडिकेअर ही सरकारी आरोग्यविमा योजना हालचालीच्या साधनांचा खर्च देते तो घरातील वापराची गरज पाहून; समुद्रस्नान तिच्या व्याख्येत बसत नाही. त्यामुळे पुळणीवरची खुर्ची व्यक्तीच्या नावावर मिळत नाही, ती किनाऱ्याच्या मालकीची सामाईक वस्तू ठरते, आणि सामाईक वस्तूसाठी अनुदान किंवा देणगी शोधावी लागते. कॅलिफोर्नियात राज्याच्या किनारा संवर्धन संस्थेने अशा खुर्च्यांसाठी अनुदाने दिली, आणि तेथील अनेक किनाऱ्यांवर त्या विनामूल्य वापरायला मिळतात. इतरत्र दिवंगत आप्तांच्या स्मरणार्थ खुर्ची भेट देण्याची पद्धत रुळली. या औदार्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र खुर्चीवर देणगीदाराचे नाव घालता येते, बदललेल्या बेअरिंगवर येत नाही. खारी हवा धातूला गंज चढवते आणि बारीक वाळू चाकांच्या आसांत शिरते, तेव्हा वर्षागणिक येणाऱ्या दुरुस्तीला वाली उरत नाही.

युरोपात पैशाचा ओघ वेगळ्या वाटेने आला. 1985 साली फ्रान्समध्ये सुरू झालेल्या आणि 1987पासून युरोपभर पसरलेल्या, किनाऱ्यांची स्वच्छता आणि सोयी तपासणाऱ्या ‘ब्लू फ्लॅग’ मानांकनाने, पालिकेच्या हद्दीतील किमान एका मानांकित किनाऱ्यावर अपंगांसाठी प्रवेश आणि सोयी असाव्यात, ही अट घातली. मानांकनामुळे पर्यटक येतात, म्हणून जो खर्च केवळ हक्काच्या नावाने मंजूर झाला नसता, तो पर्यटनाच्या नावाने होऊ लागला. फ्रान्समध्ये ‘हँडीप्लाज’ हे किनाऱ्यांची सुगम्यतेनुसार श्रेणी लावणारे मानांकन पुढे आले, तर स्पेनमधील कित्येक किनाऱ्यांवर उन्हाळ्यात प्रशिक्षित मदतनीस ठेवून सहाय्यित स्नानाची सोय केली जाते. माझ्या मते यंत्रांपेक्षा हा स्पॅनिश खर्च अधिक शहाणपणाचा आहे, कारण त्यात माणसाचा पगार धरलेला असतो. ग्रीसने दुसरी दिशा धरली. तेथील ‘सीट्रॅक’ हे सौरऊर्जेवर चालणारे आसन रुळांवरून थेट पाण्यात उतरते आणि बसलेली व्यक्ती ते रिमोटने स्वतः चालवू शकते. त्याच्या प्रसाराला युरोपीय संघाच्या निधीचा मोठा आधार मिळाला.

संयुक्त राष्ट्रांच्या 2006च्या अपंग हक्क कराराने या सगळ्याला हक्काची भाषा दिली. त्याच्या कलम 30मध्ये क्रीडा, मनोरंजन आणि पर्यटनस्थळांवरील प्रवेशाचा स्पष्ट उल्लेख आहे. भारताने 2007 साली करार मान्य केला आणि 2016 साली दिव्यांग हक्कांचा नवा कायदा केला. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर आधी 3 डिसेंबरच्या जागतिक दिव्यांग दिनाच्या सुमारास तात्पुरता मार्ग घातला जाई. कायमचा लाकडी मार्ग नोव्हेंबर 2022मध्ये खुला झाला आणि दोनच आठवड्यांत ‘मंदौस’ चक्रीवादळात त्याचे नुकसान झाले.

वाळूवर घातलेली कोणतीही वाट अशीच अस्थिर असते. गुंडाळता येणाऱ्या पॉलिस्टरच्या चटया त्याच कारणाने लोकप्रिय झाल्या, कारण वादळाची चाहूल लागताच त्या उचलता येतात. पण त्यासाठीही माणूस हजर हवा, चटई ठेवायला कोठार हवे आणि भरतीने सरकलेली वाळू रोज झाडायला हवी. खरेदीच्या अनुदानात या कामांचा खर्च बहुधा धरलेला नसतो, आणि खरेदी झाली की अनुदान देणाऱ्याच्या लेखी प्रकल्प पूर्ण होतो. म्हणून निधीसाठी येणारे अर्ज तपासताना खुर्च्यांची संख्या पाहण्याआधी हंगामातील मदतनीस कोणाच्या पगारावर आहेत आणि दुरुस्तीची तरतूद किती वर्षांची आहे, हे विचारले जाणे आवश्यक ठरते.