परिचर्या शिक्षणातील समानुभूती

रुग्णाला काय वाटत असेल ते त्याच्या जागी स्वतःला ठेवून ओळखणे आणि आपल्याला ते कळले आहे हे त्याला बोलण्यावागण्यातून जाणवू देणे म्हणजे समानुभूती, परिचारिकेच्या अंगी हवी अशी क्षमता. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांमध्ये ती घडवण्याच्या पद्धतींचा, विशेषतः ठाणे आणि नवी मुंबईच्या संदर्भात, येथे विचार केला आहे. काहींना ती उपजत असते, पण उपजत नसलेल्यांनाही शिकवता येते, आणि शिकवावी ती आधी बोलण्यातून.

परिचारिका आणि रुग्ण यांच्यातील नात्याला उपचाराचे स्थान देणारी मांडणी अमेरिकी परिचर्यातज्ज्ञ हिल्डगार्ड पेप्लॉ यांनी 1952 मध्ये केली. थेरेसा वाइजमन यांनी 1996 मध्ये समानुभूतीचे चार घटक सांगितले: दुसऱ्याच्या नजरेने पाहणे, त्याला तोलत न बसणे, त्याची भावना समजणे आणि ती समजल्याचे पोहोचवणे. विद्यार्थी अडखळतात ते शेवटच्या पायरीवर. रुग्णाला तोंडदेखला दिलासा देण्याविरुद्ध फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1859 च्या आपल्या पुस्तकात एक अख्खे प्रकरण खर्ची घातले होते. ‘काही होत नाही, बरे व्हाल’ ही वॉर्डातली सवय तेव्हापासूनची.

या सवयीवरचा सर्वांत नेमका उपाय मनोरुग्ण परिचर्येच्या पोस्टिंगमध्ये, म्हणजे तिथल्या वॉर्डातल्या प्रशिक्षणात, सापडतो. या पोस्टिंगमध्ये विद्यार्थ्याला ‘प्रोसेस रेकॉर्डिंग’ करावे लागते. रुग्णाशी झालेले संभाषण आठवून शब्दशः उतरवायचे. एका रकान्यात रुग्ण काय म्हणाला, दुसऱ्यात आपण काय म्हणालो, तिसऱ्यात आपण कोणते तंत्र वापरले. समजा, आजी म्हणाल्या, ‘घरचं कुणी येतच नाही गं.’ विद्यार्थिनीचे उत्तर, ‘येतील हो आजी, काळजी नका करू.’ तंत्राच्या रकान्यात तिने लिहिले, ‘धीर दिला.’ शिकवणाऱ्या मॅडम नेमकी हीच ओळ अधोरेखित करतात, कारण पाठ्यपुस्तकाच्या हिशेबात हा खोटा दिलासा आहे आणि तिथेच संभाषण संपले. ‘शेवटचं कोण आलं होतं?’ एवढे विचारले असते तरी आजी बोलत राहिल्या असत्या. आपलेच वाक्य कागदावर वाचताना जे कळते ते तासभराच्या लेक्चरने कळत नाही. ही वही मनोरुग्णालयापुरती का ठेवायची, सर्जिकल वॉर्डात का नको, हा प्रश्न अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनी स्वतःला विचारायला हवा.

ठाणे आणि नवी मुंबईत भाषेची अडचण वेगळीच. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात एका खाटेवर आगरी बोलणारी बाई, शेजारी उत्तर प्रदेशातून आलेला कामगार, पलीकडे शहापूरकडचा कातकरी मुलगा, असे चित्र सहज दिसू शकते. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग केंद्रात तर देशभरातून रुग्ण येतात. उपचार करणारी मुलगी लातूरची किंवा केरळची असू शकते. ‘कसं वाटतंय?’ हा प्रश्न बरोबरच, पण ‘पोटान दुखतंय’ हे उत्तर कानाला ओळखीचे नसेल तर पुढे सरकता येत नाही. मावशी, काका, दादा, ताई ही हाक कशी आणि कुणाला मारायची, हेसुद्धा नव्याने आलेल्यांना शिकवावे लागते. वॉर्डातल्या आयाबाई या बाबतीत पुष्कळदा शिक्षकांच्या पुढे असतात.

नवी मुंबईत नेरूळ, बेलापूर, कामोठे या भागांत नर्सिंगची महाविद्यालये आहेत. परिचर्या शिक्षणात आता रोल प्ले आणि कौशल्य प्रयोगशाळांवर भर असतो. रुग्णाची भूमिका प्रशिक्षित व्यक्तीने करायची, ही कल्पना हॉवर्ड बॅरोज यांनी 1963 मध्ये अमेरिकेत वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी प्रथम वापरली. परीक्षेत मात्र या कल्पनेतला जीव जातो. मॅनिकिनसमोर, म्हणजे रुग्णाच्या पुतळ्यासमोर, उभे राहून ‘नमस्कार आजी, पडदा ओढू का?’ म्हटले की गुण मिळतात; आजी प्लास्टिकच्या आहेत हे सर्वांना ठाऊक असते.

समानुभूतीच्या मोजमापासाठी फिलाडेल्फियाच्या थॉमस जेफरसन विद्यापीठात तयार झालेली मापनश्रेणी वापरली जाते. तीत 20 विधाने असून प्रत्येकाला 1 ते 7 गुण देता येतात. याच श्रेणीने केलेल्या, 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, रुग्णांशी जास्त संपर्क आलेल्या नर्सिंग विद्यार्थ्यांची समानुभूती घटलेली दिसली. हे वाचून नवल वाटते, पण मॉर्निंग शिफ्ट पाहिलेल्याला वाटणार नाही. औषधे, सलाइन, ड्रेसिंग, राउंड, नातेवाइकांचे प्रश्न या धबडग्यात रुग्णाचे नाव मागे पडून ‘नऊ नंबरचं सलाइन’ उरते, आणि विद्यार्थिनी सीनियर सिस्टरचेच बोलणे उचलतात. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार शिक्षण रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी. सरकारी वॉर्डात हे प्रमाण क्वचितच दिसते.

म्हणून केअर प्लॅनसाठी, म्हणजे शुश्रूषेची लेखी आखणी करण्यासाठी, नेमून दिलेला रुग्ण रोज बदलू नये, सलग काही दिवस एकच ठेवावा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रुग्णच विचारतो, ‘सिस्टर, काल सुट्टी होती का?’ पोस्टिंगनंतरच्या चर्चेत प्रोसिजरबरोबर अशा बोलण्यालाही दहा मिनिटे द्यावीत, आणि पहिला मृत्यू पाहून आलेल्या मुलीला त्याबद्दल बोलता येईल असा एक शिक्षक त्या दिवशी मोकळा ठेवावा.