कार्बनची नळी की अ‍ॅल्युमिनियमची? आधी सांधा बघा

बाहेरचा व्यास २५ मिलिमीटर, जाडी दीड मिलिमीटर. या मापाची मीटरभर अ‍ॅल्युमिनियमची नळी ३०० ग्रॅम भरते, कार्बन फायबरची, म्हणजे एपॉक्सी राळेत बसवलेल्या कार्बनच्या धाग्यांची, १८० च्या आत. ड्रोनचा हात किंवा दुर्बिणीचा सांगाडा करणारा इथेच भुलतो. ताठरपणाचं गणित मात्र वेगळं आहे. अ‍ॅल्युमिनियमचा ताठरपणा ७० गीगापास्कल, कोणत्याही दिशेने मोजा. कार्बनचे सगळे धागे लांबीने असतील तर तो १२०-१३०, पण आडवा जेमतेम १०. धागे सगळ्या दिशांना सारखे वाटले, तर ५० च्या आसपास. म्हणजे नळी हलकी झाली खरी, पण जास्त वाकू लागली!

म्हणून घेताना धाग्यांची दिशा विचारा. साच्यातून ओढून काढलेल्या स्वस्त नळीत धागे लांबीनेच असतात. ती पिळली किंवा तिच्यावर क्लॅम्प करकचून आवळला की उभी चिरते. ४५ अंशांत तिरक्या धाग्यांचे थरही गुंडाळलेली नळी पीळ सोसते. मोटर बसवायची तर तीच हवी.

तापमानात कार्बन निर्विवाद पुढे. तापमान १० अंश उतरलं की अ‍ॅल्युमिनियम दर मीटरला ०.२३ मिलिमीटर आखडतं, कार्बन जवळपास नाहीच. हबल दुर्बिणीच्या आरशांमधलं अंतर राखणारा सांगाडा ग्रॅफाइट-एपॉक्सीचा, म्हणजे कार्बन फायबरचाच आहे तो यासाठीच.

घोटाळा होतो तो सांध्यात. कार्बनला भोक पाडलं की धागे तुटतात, थर सुटतात. त्यापेक्षा आत अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा चिकटवा, व्यासाच्या दीडपट तरी आत जाईल असा. दोन्ही पृष्ठभाग १८० नंबरच्या पॉलिशपेपरने घासा, अ‍ॅसिटोनने पुसा, एपॉक्सी गोंदासाठी ०.१ ते ०.२ मिलिमीटर फट ठेवा. घट्ट बसवलं तर गोंद पुसलाच जातो. कार्बन वीजवाहक असल्यामुळे ओलाव्यात त्याला टेकलेलं अ‍ॅल्युमिनियम गंजतं, म्हणून मध्ये ग्लासफायबरचा पातळ थर द्या. कापताना टेप गुंडाळून डायमंड ब्लेड वापरा, पाणी सोडा, मास्क लावा. ती धूळ सर्किटवर बसली तर शॉर्ट होतो, हे सहसा कुणी सांगत नाही.

आपटल्यावर अ‍ॅल्युमिनियमला पोचा येतो, तो दिसतो. कार्बन वरून धड दिसतो आणि आत थर सुटलेले असतात. नाण्याने टकटक करून बघा, आवाज बद्द आला तर नळी बदला.

आणि खर्च करण्याआधी अ‍ॅल्युमिनियमचीच ३८ मिलिमीटर व्यासाची, १ मिलिमीटर जाडीची नळी बघा. २५ मिलिमीटरच्या अ‍ॅल्युमिनियम नळीपेक्षा वजन पाचेक टक्क्यांनी जास्त, वाकण्याला विरोध अडीचपट. फक्त ती पटकन चेपते, तेव्हा क्लॅम्पखाली आत लाकडाचा ठोकळा घाला.