बोट लावलं की सूर चढतो

मॉड्युलर सिंथेसायझरच्या किटमधून आवाज काढणं अवघड नाही. ४०१०६ ही साधी चिप, प्रवाह अडवणारा एक रेझिस्टर, वीज साठवणारा एक कपॅसिटर. कपॅसिटर भरतो, रिकामा होतो, पुन्हा भरतो आणि स्पीकर किंचाळायला लागतो. अवघड असतं ते त्याला सुरात ठेवणं.

मॉड्युलर म्हणजे सुटे डबे. एक आवाज तयार करतो, दुसरा गाळतो, तिसरा लहानमोठा करतो. वायरी कुठून कुठे जोडायच्या ते वाजवणारा ठरवतो. डब्यांची आपसातली भाषा व्होल्टेजची. रॉबर्ट मूग यांनी १९६० च्या दशकात वापरलेला नियम आजही चालतो: एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक वर. पुढे १९९० च्या दशकात डीटर डॉप्फर यांच्या युरोरॅक या मॉड्यूल-पद्धतीमुळे मापंही ठरून गेली. १२८.५ मिलिमीटर उंचीची पट्टी, ३.५ मिलिमीटरचे जॅक, अधिक-उणे १२ व्होल्टचा पुरवठा. घरी जोडलेलं किट विकतच्या मॉड्यूलशेजारी बसतं ते यामुळेच.

आता खरी गंमत. व्होल्टेज बेरजेनं वाढतं, सुराची कंपनं मात्र दर सप्तकाला दुप्पट होतात: ११०, २२०, ४४०. हे गणित ट्रान्झिस्टर फुकटात करून देतो. त्याच्या बेसवर, म्हणजे प्रवाह ताब्यात ठेवणाऱ्या पायावर, सुमारे १८ मिलिव्होल्ट वाढले की प्रवाह दुप्पट होतो. कपॅसिटर तेवढाच भरभर भरतो आणि सूर एक सप्तक चढतो. म्हणून आत येणारा एक व्होल्ट रेझिस्टर लावून तेवढ्यावर आणायचा, की झालं.

झालं कसलं! ट्रान्झिस्टर एक अंश तापला, तरी बेसवर २ मिलिव्होल्ट वाढवल्यासारखाच परिणाम होतो. सप्तकात कोमल-तीव्र धरून १२ स्वर, म्हणजे एका स्वराच्या वाट्याला जेमतेम दीड मिलिव्होल्ट. ब्रेडबोर्डवर, म्हणजे डाग न देता भाग खोचायच्या पाटीवर, हे जोडून ट्रान्झिस्टर चिमटीत धरून बघा. सूर सरसर चढतो, बोटं काढली की रेंगाळत उतरतो. आपण वाद्य करायला बसलो आणि झाला थर्मामीटर.

उपाय देखणा आहे. मल्टिमीटरनं निवडलेले दोन जुळे ट्रान्झिस्टर एकमेकांना चिकटवायचे. एकाची चूक दुसरा खोडतो. तरी दर अंशाला सप्तकामागे सुमारे ०.३ टक्के फरक उरतो. तो भरून काढणारा, तापमानाबरोबर वाढणारा खास रेझिस्टर मिळतो, पण तो त्या जोडीला टेकूनच हवा. बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला लावला, तर तो त्या टोकाचंच तापमान मोजत बसतो.

तापमान हा सुराचा पहिला चोर. दुसरा आउटपुटवर बसलेला असतो. तिथे संरक्षणासाठी एक किलोओमचा रेझिस्टर लावतात. पुढच्या मॉड्यूलचा इनपुट १०० किलोओमचा असला, तर साधारण एक टक्का व्होल्टेज वाटेतच जातं. तीन सप्तकं वर गेलात की सूर एक तृतीयांश स्वरानं उतरलेला! हा रेझिस्टर ऑप-अँपच्या (आउटपुटला व्होल्टेज पुरवणाऱ्या अँप्लिफायर चिपच्या) फीडबॅकच्या, म्हणजे आउटपुट परत तपासायच्या वाटेच्या, आत घेतला, की ऑप-अँप स्वतःच ती तूट भरून काढतो. दोन किटचे आराखडे शेजारी ठेवले तर मी आधी हीच जागा बघतो.

सगळं जोडून झालं, की वीज देऊन वीसेक मिनिटं नुसतं थांबायचं. ट्रिमर, म्हणजे सूर जुळवायचा छोटा स्क्रू, फिरवायचा तो त्यानंतर, आणि ट्रान्झिस्टरवर फुंकर न मारता.